लावणी : एका शब्दाचे जुने घर

ओरगडमच्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी आलेले आम्ही, तंजावरी मराठी कानी पडताच हसू दाबीत असू. ते हसू किती अज्ञानाचे, हे 'लावणी' या शब्दाने आम्हांस शिकविले. व्यंकोजीराजांनी १७ व्या शतकात स्थापिलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपले. शब्द मात्र तमिळ मुलखात रुजला. लावणी म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे घुंगरू नि नऊवारी येते. कावेरीकाठच्या खेड्यांत तिचा अर्थ वादाचा. कामदहनाच्या उत्सवात डफाच्या तालावर दोन पक्ष समोरासमोर ठाकतात. शिवाने मदनास जाळले, असे एक पक्ष तमिळमध्ये गातो. जळलाच नाही, असे दुसरा. प्रश्नास प्रश्न, कोड्यास कोडे! हा तर आपल्या शाहिरांचा कलगी-तुरा. इंग्लंडात मागे पडलेला शरदाचा 'फॉल' अमेरिकेने जपला, तसेच हे. आपल्याकडे सवाल-जवाब तमाशाच्या फडात उरले खरे, पण लावणी म्हणताच ते कोणास आठवतात? मंडळाच्या रंगमंचावरील लावण्या आम्ही आजवर चित्रपटांतूनच उचलल्या. तंजावरी शेजाऱ्यांना मात्र कधी विचारले नाही.