रस्त्याचा पडदा : झाडीपट्टीच्या रंगमंचावरील शहर आणि उजेड

शहरातील रस्ते, त्यांच्या कडेची घरे आणि त्या घरांवर पडणारा उजेड या चित्रविषयाचा इतिहास मराठीत सहसा चौकटीत बसवलेल्या चित्रांच्या आधारे सांगितला जातो, आणि त्यामुळे तो मुंबई-पुण्याची हद्द क्वचितच ओलांडतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र रंगवलेले शहर पोचले ते नाटकाच्या कापडी पडद्यावरून, आणि ते पाहणाऱ्यांची संख्या कोणत्याही कलादालनाला हेवा वाटावा इतकी मोठी होती. हा पडदा रंगवणाऱ्यांची नावे बहुधा नोंदली गेली नाहीत. तथापि नगरचित्रणाच्या इतिहासातून त्याला वगळायचे ठरवले, तर त्यासाठी त्यावर सही नाही यापलीकडे सबळ कारण देता येत नाही.

रंगमंचावर रस्ता रंगवण्याची पद्धत मुळात युरोपातील. सेबास्तियानो सेर्लियो या इटालियन वास्तुविशारदाने 1545 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाट्यदृश्यांचे तीन प्रकार सांगितले : शोकात्म नाटकासाठी प्रासादांनी वेढलेला मार्ग, सुखात्म नाटकासाठी सामान्य नागरिकांच्या घरांचा रस्ता आणि तिसऱ्या, ग्राम्य प्रकारासाठी झाडीचे दृश्य. या दृश्यांचा पाया यथादर्शन हा होता. म्हणजे जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दाखवून, समांतर रेषा क्षितिजावरील एका बिंदूकडे मिटत नेऊन, सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास निर्माण करण्याची रीत. व्हिचेन्झा येथे 1585 मध्ये सुरू झालेल्या नाट्यगृहात स्कामोत्झी याने असे रस्ते लाकूड व गिलाव्यात प्रत्यक्ष उभारले, आणि ते आजही तेथे उभे आहेत. महाल, रस्ता आणि जंगल ही सेर्लियोची त्रयी पुढे तीन शतकांनी मराठी नाटक कंपन्यांच्या सामानात जवळजवळ तशीच आढळते, हे पाहिले की नाट्यसामग्री किती सावकाश बदलते याची कल्पना येते.

मराठी नाटकात हा पडदा आरंभापासून नव्हता. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत सादर केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकात स्थळ सुचवण्याचे काम सूत्रधाराचे गायन आणि पात्रांचे बोलणे यांवर सोपवलेले होते. भाव्यांच्या मंडळीने 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केले, तेव्हा युरोपीय धाटणीच्या रंगमंचाशी मराठी नाटकाचा संबंध आला. पारशी नाटक मंडळ्यांनी रंगवलेल्या देखाव्यांची चटक प्रेक्षकांना लावली, आणि 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाल्यानंतर संगीत नाटकाच्या भरभराटीबरोबर पडद्यांचाही थाट वाढत गेला. या पडद्यांत रस्त्याच्या पडद्याचे स्थान विशेष होते. महालाचा किंवा बागेचा प्रवेश मंचाची सगळी खोली वापरून मांडावा लागे, आणि त्याची मांडामांड चालू असताना प्रेक्षकांना ताटकळत ठेवणे परवडणारे नसे. म्हणून पुढच्या भागात रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यासमोर दोन पात्रांचा छोटा प्रवेश उरकला जाई, आणि तेवढ्या वेळात मागे सिंहासने, कमानी व झाडे जागेवर लागत. जुन्या नाट्यसंहितांत ‘स्थळ : रस्ता’ ही सूचना पुन्हापुन्हा येते, तिचे कारण कथानकात शोधण्यापेक्षा पडद्यामागच्या खटपटीत शोधणे अधिक योग्य ठरेल. नोकराने मालकाची चहाडी करावी, विनोदी पात्राने बातमी आणावी, असे प्रसंग रस्त्यावरच का घडतात याचेही उत्तर बव्हंशी तेच आहे.

या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणारी नावे कोल्हापूरची आहेत. आनंदराव मिस्त्री (मृत्यू 1916) आणि त्यांच्या नात्यातले बंधू बाबूराव मिस्त्री (1890–1954) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. बाबूरावांना ‘पेंटर’ हे उपनाम लाभले ते कायमचे, आणि पुढे त्यांनी चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकले तेव्हा पडद्यावरचा देखावा व कृत्रिम प्रकाश यांची जाण त्यांनी तेथेही वापरली. पाट्या लिहिणारा, देवळाच्या भिंती रंगवणारा आणि नाटकाचे पडदे करणारा कारागीर यांच्यात महाराष्ट्रात फारसे अंतर नव्हते. ‘पेंटर’ हा शब्द नावामागे लावण्याची पद्धत या तिन्ही कामांना सारखीच लागू होती.

पडद्याची घडण समजून घेतल्याशिवाय त्यावरील उजेडाचा विचार करता येत नाही. जाड मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेल्या कापडावर खडू आणि सरस यांचे अस्तर दिले जाई, आणि त्यावर पिवडी, गेरू, नीळ, काजळी यांसारखे भुकटीचे रंग सरसाच्या पाण्यात कालवून लावले जात. तैलरंग टाळण्यामागे खर्चाइतकेच दुसरेही कारण होते : तेलाचा पृष्ठभाग चकाकतो, दिव्याचे प्रतिबिंब प्रेक्षकाच्या डोळ्यांत फेकतो आणि भिंत भिंतीसारखी न दिसता ओल्या ताडपत्रीसारखी दिसू लागते, सरसाचा रंग मात्र कोरडा व निस्तेज राहतो. त्याची अडचण अशी की तो ओला असताना गडद असतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो, त्यामुळे रंगवणाऱ्याला डोळ्यांसमोर असलेल्या छटेवर विसंबता येत नाही आणि वाळल्यानंतरची छटा मनात धरून हात चालवावा लागतो. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात, कमी झाला तर भुकटी अभिनेत्याच्या अंगरख्याला लागते. खालच्या कडेला बांधलेल्या लाकडी दांड्यावर पडदा गुंडाळत वर जातो, दोरी सुटली की उलगडत खाली येतो. या गुंडाळी पडद्यावरील रस्ता प्रत्येक हंगामात शेकडो वेळा मिटतो आणि उघडतो, तेव्हा सरसाच्या प्रमाणाचा प्रश्न किती मोलाचा होता हे ध्यानात येईल.

हे सारे झाडीपट्टीत रुजले त्याची पार्श्वभूमी वेगळी आहे. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा धानपिकाचा व दाट झाडीचा प्रदेश. त्यातील जुना चांदा जिल्हा आधी मध्य प्रांताच्या आणि पुढे 1956 पर्यंत मध्य प्रदेशाच्या कारभारात होता, 1964 मध्ये त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. येथे दंडार, खडी गंमत, दंडीगान, गोंधळ असे लोकप्रकार मोकळ्या जागेत होत असत, आणि त्यांना रंगवलेल्या स्थळाची गरज नव्हती. त्यांच्याच शेजारी पडद्याचे नाटक वाढले आणि त्याने त्यांची गाणी व विनोद आपलेसे केले. आज या व्यवसायाचे केंद्र देसाईगंज अर्थात वडसा हे गाव आहे. तेथे नाट्यसंस्थांची कार्यालये आहेत आणि गावोगावची मंडळे प्रयोग ठरवण्यासाठी तेथेच येतात. गोंदिया-चांदा फोर्ट रेल्वेमार्गावरील स्थानक म्हणून वडशाला असलेली सोय या केंद्रीकरणाला अनुकूल ठरली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यानंतर राज्याच्या इतर भागांतही तिची वार्ता पोचली.

धान निघाले की, दिवाळीनंतर, हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माती खणून उतरती बैठक केली जाते, उंचवट्यावर मंच उभारला जातो, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक अशी जोडी पुष्कळ गावांत ठरलेली असे; 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या, 2021 च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा अनुमती मिळाली, पण नाटकाने आपला प्रेक्षक मधल्या काळातही टिकवला. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. हंगाम कोरड्या महिन्यांत येतो ही गोष्ट सरसाच्या रंगाला मानवणारी आहे, कारण तो पाण्याने विरघळतो. तरी उघड्या मांडवातील थंडीचे दव आणि वारा यांपासून सुटका नसते, आणि वारा सुटला की रंगवलेल्या माड्यांची अख्खी रांग हेलकावते.

अशा मांडवात यथादर्शनाचा जुना नियमही मोडतो. युरोपीय दरबारी नाट्यगृहात रस्त्याच्या रेषा एका विशिष्ट आसनावरून अचूक दिसाव्यात अशी योजना असे, आणि ते आसन राजाचे असे. बांधीतल्या उतारावर पसरलेल्या गर्दीत तसे आसन नसते. पुढच्या रांगेतील उद्घाटकांची मान वर झालेली असते, त्यामुळे त्यांना रस्ता चढणीचा दिसतो. मागच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांना तो अधिक सरळ दिसतो, आणि मानाच्या जागेचा एवढा तोटा उद्घाटकांनी सहन करणे भागच आहे.

उजेडाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. पडद्यावर सूर्य एका बाजूला कल्पिलेला असतो, म्हणून घरांची एक रांग उजळ आणि दुसरी सावलीत रंगवलेली असते. प्रत्यक्ष दिवे मात्र समोर व खाली असतात, आणि ते पात्राची सावली उचलून त्याच उजळ भिंतींवर टाकतात. टेंभे आणि तेलाचे दिवे यांच्या ज्योतीत निळ्या प्रकाशाचा अंश थोडा असतो, त्यामुळे दिवसा मन लावून रंगवलेले निळे आकाश रात्री राखाडी होते आणि पिवडी-गेरूच्या भिंती मात्र तापल्यासारख्या उजळतात. नंतर गॅसबत्ती आली, जिच्यात दाबाखाली वाफ झालेले रॉकेल पेटून जाळीचा गोळा पांढराशुभ्र चमकतो. तिच्या उजेडात तेच आकाश परत निळे झाले, पण भिंतींची ऊब ओसरली. जनित्रावर चालणाऱ्या पिवळ्या बल्बांनी ती पुन्हा आणली. म्हणजे कापड बदलले नाही, रंग बदलला नाही, तरी रस्त्याचा प्रहर दिव्यागणिक बदलत गेला. दिवसा मिसळलेली छटा रात्री दिव्याखाली पारखून घेणे ही म्हणूनच या धंद्यातील प्राथमिक शिस्त होय. रात्रीचा वेगळा पडदा ठेवणे बहुतेकांना परवडत नसे. रात्र झाली आहे हे पात्राने बोलून दाखवायचे आणि प्रेक्षकाने मानायचे. नाटककार देवलांच्या ‘मृच्छकटिका’त शकार वसंतसेनेचा पाठलाग करतो तो उज्जयिनीच्या अंधाऱ्या रस्त्यावरून, आणि असा अंधार उन्हात रंगवलेल्या घरांसमोर उभा करण्याचे काम सर्वस्वी नटाच्या चाचपडण्यावर सोपवलेले असते.

रस्त्याच्या पडद्याचे आणखी एक लक्षण असे की तो सहसा निर्मनुष्य असतो. रंगवलेला माणूस हलत नाही, आणि त्याच्यासमोर हलणारा माणूस आला की दोघांपैकी एक खोटा ठरतो. शिवाय नट पडद्याला टेकून उभा राहिला तर दूरच्या घराच्या छपराच्या वर त्याचे डोके जाते, म्हणून त्याने पुढेच वावरावे लागते. शहराच्या समकालीन चित्रकाराची अडचण नेमकी उलट असते. 1949 मध्ये पुण्यात जन्मलेले आणि ठाण्यात दीर्घकाळ क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या ‘लोअर परळ’ किंवा ‘उल्हासनगर’ यांसारख्या चित्रांत एकाच ठिकाणाहून पाहिलेला रस्ता नाही. चालत, वळत, पुलावरून वाकून पाहिलेल्या जागा एकत्र बसवलेल्या आहेत, आणि कष्टकरी माणसांच्या शरीरांवाचून त्या जागांना अर्थ नाही. पटवर्धनांना माणसे रंगवून रस्ता सिद्ध करावा लागतो, तर पडद्याच्या पेंटरला माणसांसाठी रस्ता मोकळा सोडावा लागतो. दोन्ही कामांना नगरचित्रण म्हणणे शक्य आहे. मात्र पडद्यावरील नगर कोणतेच विशिष्ट नगर नसते, ते पुणे नसते, नागपूर नसते आणि जटपुरा दरवाजातून आत शिरणारे, परकोटातले चंद्रपूर तर नसतेच. ज्या प्रेक्षकाचे घर खरोखर सागवनाच्या कडेला आहे त्याच्यासमोर जंगलाचा पडदाही असाच कुठल्यातरी भलत्याच झाडांचा असतो, आणि त्याबद्दल त्याने तक्रार केल्याचे दिसत नाही.

प्रत्यक्ष शहरी उजेडाशी या प्रदेशाचे नाते 1980 च्या दशकात पालटले. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र कार्यान्वित झाले, स्थानिक कोळशावर वीज तयार होऊ लागली, आणि पुढे सुमारे 750 किलोमीटर लांबीची, 500 किलोव्होल्ट दाबाची चंद्रपूर-पडघे उच्चदाब एकदिश वाहिनी, म्हणजे दूरवर कमी गळतीने वीज नेणारी तार, उभारली गेली. तिची वहनक्षमता 1500 मेगावॅट आहे. पडघे ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या उशाशी आहे. चित्रकार ज्या महानगरी झगमगाटाचा अभ्यास करतात त्याचा काही अंश अशा रीतीने चांद्याच्या कोळशातून निघतो, तर बांधीतल्या मंचाची मदार दीर्घकाळ भाड्याच्या जनित्रावर राहिली. अलीकडे रंग बदलणारे एलईडी दिवे आले, आणि त्यांच्या निळ्या-जांभळ्या झोतात पिवडीच्या भिंतीला स्वतःचा रंग उरत नाही. छापील फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा गेल्या दोन दशकांत राज्यभर बसवला, आणि पडदे रंगवणारा हात त्याच धंद्यावर पोसला जात असल्याने त्यालाही झळ लागणे अटळ होते. फ्लेक्स पाण्याने विरघळत नाही, गुंडाळताना त्याचा रंग झडत नाही. परंतु तो चकाकतो, आणि ज्या दोषासाठी तैलरंग पूर्वी दूर ठेवला गेला होता तो दोष स्वस्त आणि टिकाऊ होऊन मंचावर आला आहे.