ड्राफ्ट, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक फुटबॉल संघांनी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू ठराविक क्रमाने आपापसांत वाटून घेण्याची वार्षिक पद्धत. येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत खेळावयाचा अमेरिकन खेळ होय. भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेला खेळ त्याहून वेगळा आहे. नॅशनल फुटबॉल लीग या संघटनेत ३२ संघ असून दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस त्यांची निवडसभा सात फेऱ्यांत पार पडते. मागील हंगामात सर्वांत कमी यश मिळविलेल्या संघास प्रत्येक फेरीत पहिला मान मिळतो आणि विजेता संघ शेवटी निवड करतो. संघांना आपले क्रम एकमेकांस देता-घेता येतात. एकदा निवड झाली, की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क केवळ निवड करणाऱ्या संघाकडे राहतो. त्यामुळे तरुण खेळाडूने कोणत्या शहरात व कोणासाठी खेळावयाचे, हे प्रायः या सभेत ठरते. आपल्या संघाने कोणाला निवडावे, याविषयी चाहत्यांमध्ये महिनोन्‌महिने चालणारा वाद हे या पद्धतीचे एक ठळक सामाजिक अंग बनले आहे.

उगम : १९३५ पूर्वी खेळाडूंशी करार करण्यास संघांना पूर्ण मोकळीक होती. साहजिकच पैसा आणि कीर्ती असलेल्या शिकागो, न्यूयॉर्क, ग्रीन बे यांसारख्या संघांकडे चांगले खेळाडू जात आणि दुर्बल संघ दुर्बलच राहत. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका याच्यासाठी अनेक संघांत चढाओढ लागली. अखेर तो ब्रुकलिनच्या संघात गेला. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल (१८९५–१९५९) हे या चढाओढीत मागे पडले होते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट असते, अशा आशयाची भूमिका घेऊन त्यांनी १९३५ मध्ये उलट्या क्रमाने निवड करण्याची योजना मांडली आणि सर्व मालकांनी ती मान्य केली. तीमुळे संघांतील समतोल साधणार होता, हे खरे. परंतु एका खेळाडूसाठी दोन मालकांनी बोली लावण्याचा प्रसंगच उरणार नसल्याने वेतने आटोक्यात राहणार होती, हेही तितकेच खरे. समतोल आणि काटकसर हे दोन्ही हेतू या पद्धतीत प्रारंभापासून एकत्र नांदत आले आहेत.

पहिली निवडसभा ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात भरली. फळ्यावर ९० नावे लिहिली होती आणि नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ जणांची निवड केली. प्रथम क्रमांक ईगल्सचा होता. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर याची निवड केली. पुढे हाइजमन या नावाने प्रसिद्ध झालेले उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचे पारितोषिक मिळविणारा तो पहिला मानकरी. ईगल्सनी त्याचे हक्क शिकागो बेअर्स संघाला दिले. तथापि वेतनावर एकमत न झाल्याने तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. निवड झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्या वर्षी अन्य उद्योगच पत्करला. त्या काळी या सभेकडे वृत्तपत्रांचेही फारसे लक्ष नव्हते, मग चाहत्यांच्या वादविवादाचा प्रश्नच नव्हता.

वर्णभेद आणि निवड : ही पद्धत अंमलात आली, तेव्हा लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९३४ पासून १९४५ पर्यंत हा अलिखित निर्बंध पाळला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेचा केनी वॉशिंग्टन हा १९३९ च्या हंगामातील अग्रगण्य खेळाडू असूनही कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही. १९४६ मध्ये लॉस अँजेल्स रॅम्सने त्याला संघात घेतले, तोवर त्याच्या उमेदीची वर्षे सरली होती. १९४९ मध्ये जॉर्ज टॅलियाफेरो आणि वॉली ट्रिपलेट या कृष्णवर्णीय खेळाडूंची निवड झाली. १९६२ मध्ये अर्नी डेव्हिस हा एकूण निवडीत पहिला आला. परंतु रक्तकर्करोगाने १९६३ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याला एकही व्यावसायिक सामना खेळता आला नाही. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे बहुतेक संघांचे दीर्घकाळ दुर्लक्ष होते. त्या महाविद्यालयांतील खेळाडूंची नोंद ठेवणारे पिट्सबर्ग कुरियर या वृत्तपत्राचे क्रीडालेखक बिल नन (१९२४–२०१४) यांना पिट्सबर्ग स्टीलर्सने आपल्या सेवेत घेतले. या संघाच्या १९७४ मधील निवडीतील चार खेळाडू पुढे फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात दाखल झाले. त्यांपैकी जॉन स्टॉलवर्थ हा अशाच एका महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. एका क्रीडालेखकाच्या वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाचे हे फळ होते.

स्पर्धा व गुणपारख : १९५९ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना स्थापन झाली आणि एकाच खेळाडूची दोन्हींकडून निवड होऊ लागली. परिणामी वेतने झपाट्याने वाढली. १९६५ मध्ये जो नेमथ याने न्यूयॉर्क जेट्सशी केलेला ४,२७,००० डॉलरचा करार हे याचे गाजलेले उदाहरण होय. १९६६ मध्ये विलीनीकरणाचा निर्णय झाला आणि १९६७ पासून दोहोंची एकत्र निवड सुरू झाली. खेळाडूला दोन मालकांतून एक पत्करण्याची मिळालेली संधी त्याबरोबर संपली.

प्रारंभी संघमालक वृत्तपत्रांतील कात्रणांवर विसंबून निवड करीत. रॅम्स संघाने १९४६ मध्ये खेळाडूंचा पूर्णवेळ पारखी नेमला आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. १९६० नंतरच्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने संगणकाचा उपयोग सुरू केला. त्यासाठी लागणारी गुणांकन पद्धती तयार करणारे सलाम कुरेशी हे मूळचे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. पारख्यांनी दिलेल्या शेऱ्यांचे अंकांत रूपांतर करून खेळाडूंची तुलना करणे त्यांच्या पद्धतीमुळे शक्य झाले. १९८७ पासून इंडियानापोलिस येथे दरवर्षी उमेदवारांची एकत्रित चाचणी होते; तीत धावण्याचा वेग, उडी, बळ व प्रकृती यांची मोजदाद केली जाते. ही मोजमापे प्रसिद्ध होऊ लागल्यावर चाहत्यांच्या हातीही वादासाठी आकडे आले.

चाहत्यांचा सहभाग : १९८० मध्ये ईएसपीएन या नव्या क्रीडावाहिनीने निवडसभा दूरचित्रवाणीवर दाखविण्याची परवानगी मागितली, तेव्हा नावे वाचून दाखविण्याचा कार्यक्रम कोण पाहणार, अशी शंका लीगचे आयुक्त पीट रोझेल यांना वाटली होती. ती लवकरच निराधार ठरली. १९८८ मध्ये ही सभा आठवड्याच्या अखेरीस भरू लागली. २०१० पासून ती तीन दिवस चालते आणि २०१५ पासून न्यूयॉर्क सोडून वेगवेगळ्या शहरांत फिरते. डिट्रॉइट येथे २०२४ मध्ये तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाख लोक उपस्थित राहिल्याचे लीगने जाहीर केले. मेल काइपर यांच्यासारख्या भाष्यकारांनी उमेदवारांच्या क्रमवाऱ्या व संभाव्य निवडींचे अंदाज लोकप्रिय केले.

या वादाचे विषय सामान्यतः ठरलेले असतात. संघात ज्या जागेची उणीव आहे ती भरावी, की जागेचा विचार न करता उपलब्धांपैकी सर्वोत्तम खेळाडू घ्यावा. डाव रचून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर पहिली निवड खर्चावी, की त्याला संरक्षण देणाऱ्या आघाडीच्या फळीवर. हाती असलेला वरचा क्रम राखावा, की तो देऊन खालचे अनेक क्रम घ्यावेत. महाविद्यालयातील पराक्रमाला अधिक महत्त्व द्यावे, की शरीराच्या मोजमापांना. या वादाला सर्वाधिक धार हरलेल्या संघांच्या शहरांत येते, कारण उलट क्रमाच्या नियमामुळे पराभवाच्या हंगामानंतर त्यांनाच सर्वाधिक आशा असते.

१९९९ मधील फिलाडेल्फियाचा प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. १६ पैकी १३ सामने हरलेल्या ईगल्सकडे दुसरा क्रम होता. टेक्सस विद्यापीठाचा चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हा आदल्या वर्षीचा हाइजमन पारितोषिकाचा मानकरी होता. त्यालाच घ्यावे, अशी चळवळ एका स्थानिक नभोवाणी केंद्राने चालविली व शहराचे महापौर एड रेंडेल यांनी तिला पाठिंबा दिला. केंद्राने सुमारे ३० चाहत्यांना बसने न्यूयॉर्कला नेले. संघाने सिरॅक्यूज विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅब याचे नाव जाहीर करताच या चाहत्यांनी त्याची हुर्यो केली. मॅकनॅब फिलाडेल्फियासाठी ११ हंगाम खेळला आणि त्याच्या काळात संघाने पाच वेळा आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत व एकदा सुपर बोलपर्यंत मजल मारली. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्स संघाने त्या वर्षीच्या आपल्या उर्वरित सर्व निवडी आणि पुढील वर्षीच्या दोन निवडी देऊन टाकल्या. विल्यम्स गुणवान होताच. २००२ मध्ये मायामी संघाकडून खेळताना त्याने धावून सर्वाधिक अंतर कापण्याचा मान मिळविला. तथापि त्याच्यासाठी दिलेले मोल न्यू ऑर्लिन्सला भरून मिळाले नाही.

अंदाजांची मर्यादा : या उदाहरणावरून तज्ञ बरोबर व चाहते चूक, असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नाही. त्याच १९९९ मध्ये पहिल्या तीनही क्रमांवर क्वार्टरबॅक निवडले गेले होते. मॅकनॅबखेरीज इतर दोघे फार काळ टिकले नाहीत. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग व रायन लीफ यांपैकी श्रेष्ठ कोण, याविषयी जाणकारांत खरोखरच दुमत होते. मॅनिंग थोर खेळाडू ठरला आणि लीफची कारकीर्द अल्पावधीत संपली. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या टॉम ब्रेडी याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. कृष्णवर्णीय वॉरन मून याची १९७८ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून निवडच झाली नाही. कॅनडात सहा हंगाम खेळून तो १९८४ मध्ये लीगमध्ये आला व २००६ मध्ये कीर्तिमंदिरात दाखल झाला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडींची छाननी करून असे दाखविले, की संघ वरच्या क्रमांना अवाजवी मोल देतात आणि एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच अधिक असते. भरपूर माहिती आणि तुटपुंजी निश्चिती, अशा या स्थितीमुळे सामान्य चाहत्याच्या मताला वादात जागा मिळते.

कायदा आणि खेळाडूचे स्वातंत्र्य : वादात ज्याला क्वचितच विचारले जाते, तो निवडला जाणारा खेळाडू होय. वॉशिंग्टन संघाचा जेम्स स्मिथ हा १९६८ मध्ये आपल्या पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन कायमचा निवृत्त झाला. खुल्या बाजारात आपल्याला अधिक वेतन व संरक्षण मिळाले असते, असा दावा त्याने दाखल केला. १९७६ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९७८ मध्ये अपील न्यायालयाने तत्कालीन निवडपद्धती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला. परंतु दरम्यान १९७७ मध्ये खेळाडूंची संघटना व मालक यांच्यातील सामुदायिक कराराने ही पद्धत मान्य केली आणि फेऱ्या १७ वरून १२ वर आणल्या. कामगार संघटनेशी झालेल्या अशा कराराला त्या कायद्यापासून संरक्षण मिळते. १९९४ पासून फेऱ्या सातच असल्याने न निवडल्या गेलेल्यांना कोणत्याही संघाशी करार करता येतो. तरीही करार होताना भावी खेळाडू संघटनेचे सभासद नसतात, हा आक्षेप उरतोच. जॉन एल्वे (१९८३) व ईलाय मॅनिंग (२००४) यांच्यासारख्या मोजक्या नामवंतांनाच आपल्या पहिल्या संघाला नकार देऊन दुसरीकडे जाणे साधले.

इतरत्र प्रसार : बास्केटबॉल, बेसबॉल व बर्फावरील हॉकी या खेळांच्या अमेरिकन संघटनांनीही ही पद्धत उचलली. भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने प्रामुख्याने लिलावाची पद्धत स्वीकारली. तीत खेळाडूचे मोल बोलीने ठरते, संघ मात्र येथेही त्याला स्वतः निवडता येत नाही. याच लीगमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी २००८ मध्ये ड्राफ्ट झाला, तेव्हा दिल्लीने प्रदीप सांगवान याला पसंती दिली व विराट कोहली बंगलोरकडे गेला. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे व राजकोट या नव्या संघांसाठी झालेल्या ड्राफ्टमध्ये पुण्याने प्रथम महेंद्रसिंग धोनी याची निवड केली.

निवड योग्य होती की नाही, हे कळण्यास सामान्यतः तीन-चार हंगाम जावे लागतात. तोपर्यंत चाहत्यांचे लक्ष पुढील उमेदवारांकडे वळलेले असते. दुर्बल संघाला पुन्हा उभे राहण्याची संधी देणे हे या पद्धतीचे श्रेय होय. त्या संधीचे मोल कोण चुकते करतो, हा १९३६ पासूनचा प्रश्न मात्र तिच्या इतिहासातून वगळता येत नाही.