कुत्र्या-मांजरांना माशाचे तेल देणे कितपत सुरक्षित?

माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले असतात. सांधेदुखी, त्वचेची खाज, तसेच मूत्रपिंड व हृदयाच्या काही आजारांत पशुवैद्य हे तेल सुचवतात. योग्य मात्रेत ते सहसा सुरक्षित असते. मात्रा जास्त झाली किंवा तेलाचा प्रकार चुकला, तर मात्र अपाय होऊ शकतो.

मात्रा कशी मोजतात?

कॅप्सूलवरचा ‘१००० मिलिग्रॅम’ हा आकडा एकूण तेलाचा असतो. माणसांच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते. हिशेब या ३०० मिलिग्रॅमचा करायचा असतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये कुत्र्यांसाठी कमाल मर्यादा दिली. त्यानुसार १० किलोच्या कुत्र्यासाठी ती दिवसाला सुमारे २,००० मिलिग्रॅम आणि २० किलोच्या कुत्र्यासाठी सुमारे ३,५०० मिलिग्रॅम येते. म्हणजे वजन दुप्पट झाले तरी मर्यादा दुप्पट होत नाही. शिवाय ही वरची मर्यादा आहे, रोजचा डोस नव्हे. मांजरांसाठी कौन्सिलने अशी मर्यादा दिलेली नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत अधिक जपावे लागते.

संभाव्य दुष्परिणाम

- जुलाब, उलटी. काही प्राण्यांत स्वादुपिंडाला सूज
- रक्त गोठण्याची क्रिया मंदावणे, जखम उशिरा भरणे
- वजन वाढणे (१ ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात)
- ई जीवनसत्त्वाची गरज वाढणे

कॉड लिव्हर ऑइल वेगळे

हे तेल माशाच्या यकृतापासून काढतात. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात व ती शरीरात साठत जातात. अ जीवनसत्त्व दीर्घकाळ जास्त मिळाल्यास मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून मान ताठ होते. म्हणून साध्या माशाच्या तेलाऐवजी हे तेल वापरू नये.

जवसाचे तेल चालेल का?

जवसातील ओमेगा-३ चे ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर कुत्र्यांत थोडेच होते, मांजरांत जवळजवळ होतच नाही. त्यामुळे ते माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही.

पशुवैद्याला आधी कधी विचारावे?

शस्त्रक्रिया ठरली असेल, वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, मधुमेह असेल अथवा पूर्वी स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल, तर विचारल्याशिवाय तेल सुरू करू नये. खवट वास येणारे तेल टाकून द्यावे. माणसांच्या गोड चवीच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांत झायलिटॉल असल्यास ते कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते.