कचारगड यात्रा: गुहेच्या वाटेवर गोंड समाज कोणती गोष्ट सांगतो?

माघ पौर्णिमा जवळ आली की सात रंगांचे झेंडे आणि डोंगरातल्या एका प्रचंड गुहेचे रील्स फीडवर दिसू लागतात. ही गुहा म्हणजे कचारगड. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ. (1 मे 1999 पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या लिखाणात भंडारा असाच पत्ता सापडतो.)

रेल्वेने येणारे भाविक दरेकसा स्टेशनवर उतरतात, पायथ्याच्या धनेगावात जमतात आणि जंगलातून चढत गुहेकडे निघतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. भेटल्यावर म्हणायचं, 'जय सेवा'.

गोष्ट काय आहे?

माता कली कंकालीची 33 मुलं. भारी दंगेखोर. शंभूसेकने त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. आई व्याकूळ झाली. तेव्हा पारी कुपार लिंगो यांच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर यांनी किंगरी वाजवली. तो नाद ऐकून मुलांच्या अंगात बळ आलं आणि शिळा हलली. मुलं सुटली, पण घरंगळत्या शिळेखाली हिरासुका गेले. मुलांना जंगो रायताड यांनी सांभाळलं, लिंगोंनी शिकवण दिली. तीच कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म. हे ठाऊक असेल तर गुहेचं तोंड बघण्याची नजरच बदलते.

गोष्टीची रूपं मात्र अनेक आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेलं लिंगोचं गीत त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापलं गेलं. त्यात गोंड एका खारीमागे धावत गुहेत शिरतात आणि महादेव वाट बंद करतो. यातली 'खरी' कोणती, हा प्रश्न मला तरी फारसा उपयोगाचा वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली गोष्ट सांगणाऱ्यागणिक थोडी बदलणारच.

यात्रा कधी सुरू झाली?

आजच्या स्वरूपातली यात्रा 1980च्या दशकातली. गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (1949–2015) आणि मोजक्या सहकाऱ्यांनी कथेतलं 'कचीकोपा लोहागड' म्हणजे हेच ठिकाण, अशी मांडणी केली आणि लोकांना इथे यायचं आवाहन केलं. हळूहळू गर्दी लाखांवर गेली.

रील्सच्या कॅप्शनमध्ये 'आशियातली सर्वांत मोठी गुहा' हमखास असतं, हिरासुकांचं नाव क्वचितच. तुम्ही गेलात तर पूजेचं चित्रीकरण करण्याआधी विचारा, आणि चढताना सोबतच्या एखाद्या आजोबांना गोष्ट सांगायला सांगा. जमलं तर गोंडीतून. 2011च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती अजून नाही.