दोरखंडाच्या कारखान्यातला दर्यावर्दी

डच आरमाराचा इतिहास वाचताना मिखिल द रॉयटर या नावापाशी मी दर वेळी थांबतो. १६०७ साली व्लिसिंगेन बंदरात, बिअरची पिंपे वाहणाऱ्या हमालाच्या घरी तो जन्मला. लहानपणी दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवणारा हा पोरगा अकराव्या वर्षी जहाजावर चढला. खलाशाचा कप्तान झाला, कप्तानाचा सेनापती. १६६७ च्या जून महिन्यात त्याच्या आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे त्यांचे मानाचे जहाज ओढून नेले.

१६७६ च्या फेब्रुवारीत त्याने नेपल्सला वल्ही मारायला जुंपलेल्या २६ हंगेरियन प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांची सुटका करवली. दोनच महिन्यांनी, सिसिलीजवळ फ्रेंचांशी लढताना झालेल्या जखमांनी तो गेला.

मात्र १६६४ साली याच माणसाने आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे गोरे बेट इंग्रजांकडून परत जिंकले होते, तेही गुलामांचा व्यापार करणाऱ्या डच कंपनीसाठी. धर्मबांधवांच्या बेड्यांनी द्रवलेले मन आफ्रिकनांच्या बेड्यांपाशी थांबले नाही. आम्स्टरडॅमच्या चर्चमध्ये त्याची भव्य समाधी आहे. तिच्यापुढे उभे राहताना या दोन्ही गोष्टी एकत्र आठवाव्यात, असे मला वाटते.