दुधाच्या वहीतली पहिली खबर

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण राजा-राणीचा नाही, गोठ्याचा आहे. जनावरांची साथ वेळेवर ओळखायला माणूस कसा शिकला आणि त्यात साध्या नोंदवहीने काय काम केले, ते आपण पाहू.

बुळकांडी हे नाव आपल्या आजी-पणजीला चांगलेच ठाऊक होते. अंगात ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे, मग जुलाब, आणि थोड्याच दिवसांत जनावर आडवे. एका दावणीला लागली की सगळा गोठा रिकामा व्हायचा. बैल गेला की पेरणी राहायची, गाय गेली की पोरांचे दूध तुटायचे.

ही साथ फक्त आपल्याकडे नव्हती. १८६५ च्या जूनमध्ये ती लंडनच्या गोठ्यांत दिसली. बाहेरदेशातून बोटीने आलेल्या गुरांबरोबर ती तिथे पोचली होती. रोग ओळखेपर्यंत बाजारातली गुरे विकली जाऊन ठिकठिकाणी गेली होती आणि साथही त्यांच्याबरोबर गेली. त्या देशात दोन लाखांहून जास्त गुरे दगावली.

मग सरकारने आजारी गुरांची मोजणी सुरू केली. दर चार आठवड्यांचे आकडे असे आले : ९,५९७, मग १८,८१७, मग ३३,८३५, मग ४७,१९१. लोक हादरले. पण विल्यम फार नावाचे एक गृहस्थ जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींचे काम बघत. त्यांनी आकडे नीट पाहिले. पहिल्यांदा वाढ जवळजवळ दुप्पट होती, नंतर पावणेदोन पटीच्या आसपास, आणि शेवटी दीडपटीहूनही कमी. म्हणजे आकडा वाढत असला तरी वाढीचा जोर उतरत होता. साथ लवकरच ओसरेल, असे त्यांनी फेब्रुवारी १८६६ मध्ये वर्तमानपत्रात लिहिले. त्याच महिन्यात गुरांची ने-आण रोखण्याचा आणि आजारी गुरे मारण्याचा कायदाही झाला. साथ खरोखरच उतरली. वहीतले आकडे बोलतात, हे तेव्हा लोकांना दिसले. फक्त ती वही उघडली होती घर जळायला लागल्यावर.

आपल्याकडे या रोगाच्या अभ्यासाची सुरुवात पुण्यात झाली. १८८९ मध्ये तिथे सरकारी प्रयोगशाळा निघाली. रोगाचे जंतू भर वस्तीत नकोत म्हणून ती १८९३ मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली. पुढे तिथेच बुळकांडीची लस तयार झाली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. साथी खूप कमी झाल्या, पण रोग मुळासकट जाईना. कुठेतरी कोपऱ्यात तो टिकून राहायचा आणि बाजाराच्या वाटेने परत यायचा.

१९९२ मध्ये नवा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा लस टोचण्याइतकाच भर शोधण्यावर दिला गेला. पथके गावोगाव फिरून गुरे राखणाऱ्यांना विचारू लागली, की तोंड आलेले, जुलाब लागलेले जनावर कुणी पाहिले का? गुरांच्या बाजाराच्या वाटा तपासल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या रोजच्या नोंदवह्या काढून तशा आजाराची नोंद कुठे आहे का, ते पाहिले. त्या वह्या बुळकांडी पकडायला लिहिलेल्याच नव्हत्या. कुणाची गाय आली, काय झाले होते, काय औषध दिले, एवढेच त्यांत असायचे. पण तेवढ्यावरून माग काढता आला. १९९५ नंतर देशात बुळकांडीची साथ आली नाही. २००६ मध्ये भारत या रोगातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळे जग. माणसांतली देवी गेल्यानंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

बुळकांडी निदान ओळखीची होती. जो रोग कुणीच पाहिलेला नाही, तो कसा ओळखायचा?

ज्या वर्षी बुळकांडी संपली, त्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या शेतकऱ्यांना उन्हाळ्याच्या शेवटी एक गोष्ट खटकली. गाईंना ताप यायचा, दूध एकदम उतरायचे, काहींना जुलाब व्हायचे आणि चार-सहा दिवसांत गाय बरी व्हायची. एकट्या गोठ्यात हे झाले असते तर कुणी मनावर घेतले नसते. पण पशुवैद्यांकडे अशा तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या, तेव्हा तपास सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये जर्मन शास्त्रज्ञांना एक अगदी नवा विषाणू सापडला. नमुने श्मालेनबर्ग गावाजवळचे, म्हणून रोगालाही तेच नाव पडले. चावणारी बारीक चिलटे तो पसरवत होती. खरे नुकसान नंतर दिसले. त्या हिवाळ्यात वाकड्या पायांची, मेलेली कोकरे आणि वासरे जन्मली. दूध उतरले ती पहिली खबर होती.

पुढे संशोधकांनी त्या काळातल्या दुधाच्या जुन्या नोंदी तपासल्या. दूध घटलेले आकड्यांत दिसले, पण हजारो गाईंची सरासरी काढली तेव्हा घट अगदी किरकोळ भरली. मैत्रिणींनो, इथे आपण थांबून विचार करू. मोठ्या सरासरीत जे जेमतेम दिसते, ते धार काढणाऱ्या बाईला त्याच सकाळी कळते. रोजचे पाच लिटर साडेतीनवर आले की चरवीच सांगते.

अडचण एवढीच, की एकट्या म्हशीचे दूध कशानेही उतरते. उन्हाने, वैरण बदलल्याने, पेंड संपल्याने, माजावर आल्याने. म्हणून एका घरचा आकडा म्हणजे शंका, पण एकाच आठवड्यात चार घरचे आकडे उतरले तर ती खबर. आणि आठवड्याला दहा-पंधरा घरे एकत्र बसतात ती जागा म्हणजे आपला बचत गट. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाच्या कर्जातूनच म्हैस घेतली आहे. ती आजारी पडली तर हप्ता थांबतो, आणि म्हणूनच ती गटाच्याही काळजीची गोष्ट आहे. २०२२ मध्ये लंपीने आपल्या राज्यात किती गोठे मोकळे केले, गुरांचे बाजार कसे बंद पडले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

वही नवी घ्यायला नको. डेअरीच्या पावत्यांवर दोन्ही वेळचे दूध लिहिलेले असतेच, त्या फेकू नका. बैठकीत हप्ता जमा झाला की तीन प्रश्न विचारा. कारण नसताना कुणाचे दूध उतरले? कुणाच्या जनावराला ताप, गाठी, तोंडात फोड, लंगडणे किंवा गाभडणे झाले? कुणी बाजारातून नवे जनावर आणले? उत्तर तारखेसह लिहा. काही नसेल तर ‘काही नाही’ असेही लिहा, कारण नेहमीचे काय ते माहीत असेल तरच वेगळे ओळखू येते.

दोन-तीन घरी सारखेच दिसले तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन लावा. २००९ च्या केंद्राच्या कायद्याने काही साथरोग ठरवून दिले आहेत. त्यांची शंका आली तर गावात कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे, त्यात लाज कसली? डॉक्टर येईपर्यंत ते जनावर वेगळे बांधा, सामाईक हौदावर नेऊ नका, आणि विकायला तर अजिबात काढू नका. लंडनची साथ बाजारातूनच पसरली होती.

बुळकांडीच्या शोधात सरकारी पथकांना गावोगाव जाऊन विचारावे लागले. आपल्या गावात तोच प्रश्न आपणच दर आठवड्याला विचारू शकतो. येत्या बैठकीत वहीचे एक पान त्यासाठी राखून ठेवा.