काडतुसाची कुळकथा

‘एक गावठी कट्टा आणि चार जिवंत काडतुसे जप्त’ ही मराठी वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी आहे. त्यातले ‘जिवंत’ हे विशेषण मोठे विलक्षण. दुसऱ्याचा जीव घेण्याची ताकद शिल्लक असेल, तोवर काडतूस जिवंत. ती ताकद वापरून झाली, की उरते ती ‘पुंगळी’. पंचनाम्यात काडतूस, गोळी आणि पुंगळी हे तीन शब्द नीट वेगळे ठेवलेले असतात. आपण बोलताना मात्र सर्रास ‘गोळी’ म्हणून मोकळे होतो. उडते ती गोळी. गोळी, दारू, दारू पेटवणारी टिकली आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी, एवढा सगळा संसार म्हणजे काडतूस.

शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. बटाटा, पगार, चावी यांच्याच गलबतातून ‘कार्तूश’ उतरला आणि मराठी जिभेवर त्यातल्या ‘र’चा ‘ड’ झाला. हिंदीने ‘कारतूस’ म्हणून तो ‘र’ जपला. मराठीला मात्र हा ‘ड’ असा मानवला, की पुढे राजकारणात ‘फडतूस’शी त्याचे यमकही जुळले. पोर्तुगीज शब्दामागे फ्रेंच ‘कार्तूश’, त्यामागे इटालियन ‘कार्तोच्चो’, म्हणजे कागदाची सुरळी, भेळवाला शेंगदाणे बांधून देतो तसली. आणि तिच्याही मागे लॅटिन ‘कार्ता’, म्हणजे कागद. म्हणजे काडतूस हा मुळात शस्त्रांचा शब्दच नव्हे. तो कागदाचा शब्द आहे.

जुन्या काळी ते खरेही होते. मोजून घेतलेली दारू आणि एक गोळी कागदात गुंडाळून ठेवायची. लढताना कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून जो भडका उडाला, तो याच फाडण्यावरून. त्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, असा बोभाटा झाला होता. कागद दातात धरावा लागला नसता, तर चरबीचा प्रश्न एवढा पेटलाच नसता. पुढे कागद गेला आणि पितळ आले. नाव मात्र कागदाचेच राहिले. काडतुसाच्या कुळातले पुढचे सगळे शब्द असेच वागतात: वस्तू पुढे निघून जाते, नाव जुन्याच पत्त्यावर राहते.

मोठ्या शिकारीच्या काडतुसांत हे फारच ठसठशीत दिसते. १८५६ च्या सुमारास जेम्स पर्डी या लंडनच्या बंदूककाराने हलकी गोळी आणि भरपूर दारू असा मेळ घालून वेगवान रायफल काढली आणि तिला ‘एक्सप्रेस ट्रेन’ म्हटले. आगगाडी त्या काळी वेगाची परमावधी होती. त्यातली ‘ट्रेन’ लवकरच गळाली आणि ‘एक्सप्रेस’ उरली. १८९८ मध्ये जॉन रिग्बीच्या पेढीने नव्या, धूर न करणाऱ्या दारूचे .४५० काडतूस आणले. त्या दारूत नायट्रोग्लिसरीन होते, म्हणून ते झाले ‘नायट्रो एक्सप्रेस’. हत्ती आणि गवे मारायला निघालेले काडतूस अशा रीतीने रसायनशाळा आणि रेल्वे या दोन्हींचे नाव मिरवू लागले.

या .४५० ची गोष्ट आपल्या देशाशी थेट जोडलेली आहे. त्याच मापाच्या गोळ्या मार्टिनी-हेन्री रायफलींना चालत आणि वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे तशा रायफली पुष्कळ होत्या. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या आयातीला बंदी घातली. वाघ-गव्यांच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांचे हे गिऱ्हाईक लंडनच्या बंदूककारांना सोडवेना. मग .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी एकमेकांच्या अंगावर पडणारी मापे बाजारात आली. जनावराच्या दृष्टीने त्यांत फरक नव्हता. फरक होता तो जकातीच्या नाक्यावर.

त्यावरून आठवले, हे आकडेसुद्धा आकडे कमी आणि नावे जास्त असतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमची गोळी .३०८ इंच जाडीची असते. .२७५ रिग्बी, म्हणजे जिम कॉर्बेटच्या हातातली प्रसिद्ध रायफल, तिची गोळी .२८४ ची. कधी नळीतल्या खाचांच्या वरून माप घेतले, कधी तळातून, आणि कधी निव्वळ कानाला बरे वाटले म्हणून. माप म्हणजे ‘कॅलिबर’. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये बहुधा अरबी ‘कालिब’वरून, म्हणजे साचा. त्याच्याही मागे व्युत्पत्तिकारांना ग्रीक चांभाराचा लाकडी पाय दिसतो. जोडा ज्यावर चढवून शिवतात तो साचा मराठीत ‘कालबूत’. तोही फारसीतून त्याच ग्रीक मुळाकडे जातो. म्हणजे कॅलिबर आणि कालबूत हे चुलतभाऊ. ‘त्याचे कॅलिबरच नाही’ असे आपण एखाद्याबद्दल म्हणतो, तेव्हा पायताणाच्या साच्यानेच त्याला मोजत असतो.

आता या घराण्यातला सर्वांत मानाचा शब्द: मॅग्नम. लॅटिनमध्ये ‘मोठा’. संस्कृत ‘महत्’ आणि आपला ‘महा’ त्याच मुळाचे. इंग्रजीत तो आधी दीड लिटरच्या दारूच्या बाटलीला लागला आणि एकोणिसाव्या शतकात तिथून नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेल्या काडतुसाला. मराठीत तर ही गंमत दुप्पट होते, कारण आपण पिण्याच्या आणि उडवण्याच्या अशा दोन्ही वस्तूंना ‘दारू’च म्हणतो. फारसीत या शब्दाचा अर्थ औषध.

या नावाला प्रतिष्ठा दिली ती लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने. १९१२ मध्ये त्यांनी .३७५ एच अँड एच मॅग्नम आणले. लांबट, टोकाकडे निमुळती होत गेलेली पुंगळी आणि बुडाशी एक उभार कडे, ज्याला ‘बेल्ट’ म्हणतात. पुंगळीचा खांदा फार उतरता असल्यामुळे काडतूस नळीत नेमके कुठवर जाऊन थांबावे, हे त्याच्यावर सोडता येत नव्हते. ते काम या कमरपट्ट्याने केले. गोळी साधारणपणे ३०० ग्रेनची. ग्रेन म्हणजे दाणा, मुळात जवाचा. १८० ग्रेनचा एक तोळा, म्हणजे १५ ग्रेनचा एक मासा. त्या हिशेबाने ही गोळी भरते एक तोळा आठ मासे. सराफाच्या तराजूत ती अगदी सहज मावेल. एवढ्याशा वजनावर रेडा, सिंह आणि हत्ती या सर्वांना पुरे पडणारे काडतूस म्हणून आफ्रिकेत .३७५ ने नाव कमावले. तिथल्या कित्येक देशांत धोकादायक जनावरांच्या शिकारीला किमान हेच माप लागते.

पुढे अमेरिकेने तो कमरपट्टा उचलला. विंचेस्टरने १९५६ मध्ये .४५८, १९५८ मध्ये .३३८ आणि १९६३ मध्ये .३०० अशी आखूड मॅग्नम काढली. यांतल्या .३३८ आणि .३०० च्या पुंगळ्यांना चांगले ठळक खांदे होते. काडतूस अडवायला तेवढे खांदे पुरले असते, पट्ट्याची गरज नव्हती. पण गिऱ्हाइकाच्या मनात पट्टा म्हणजे मॅग्नम आणि मॅग्नम म्हणजे जोर असे समीकरण पक्के झाले होते. आता शब्दच वस्तूला घडवू लागला. नाव टिकावे म्हणून पितळात एक बिनकामाचे कडे उमटत राहिले.

गोळीच्या टोकाशी आणखी एक शब्द आपली वाट पाहतो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात नरम टोकाची, अंगात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली आणि ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला. गावाचे नाव ‘दमदमा’वरून आले, असे मानतात, तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा म्हणजे दमदमा, आणि मराठीलाही हा शब्द ठाऊक आहे. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत, असे जाहीर केले. शिकारीत उलटा न्याय चालतो. जनावर तडफडत न राहता लवकर पडावे म्हणून फुलणारी गोळीच तिथे योग्य मानतात. न फुलणारी ‘सॉलिड’ गोळी वापरतात ती हत्तीसारख्या जनावराच्या जाड हाडांतून खोलवर पोहोचण्यासाठी. माणसाला जे निषिद्ध, ते हरणाला दया म्हणून बहाल.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा धंदा संपवला, त्यामुळे ही नावे आपल्याकडे पुस्तकांतून तेवढी भेटतात. बाहेर मात्र हे कुळ अजून वाढते आहे. २००७ मध्ये हॉर्नेडी आणि रूगर या अमेरिकी कंपन्यांनी .३७५ रूगर आणले. पुंगळी जुन्या .३७५ हून आखूड, पण तिचे अंगच जुन्या पट्ट्याएवढे जाड. त्यामुळे दारूला जागा झाली आणि साध्या लांबीच्या रायफलीतून जुन्याएवढा, किंबहुना थोडा अधिक वेग मिळू लागला. कमरपट्टा उरला नाही. त्याच्याबरोबर नावातून ‘मॅग्नम’ही गेले. शंभरएक वर्षांनी एका काडतुसाने ‘महा’ ही पदवी नाकारली आणि तरी काम महाचेच केले. ज्याला हे काडतूस घ्यायचे, त्याने पेटीवरचे नाव वंशावळीसारखे वाचावे. गोळीचे वजन आणि वेग हे दोन आकडे खाली बारीक अक्षरांत छापलेले असतात, विश्वास त्यांच्यावर ठेवावा.